१ डिसेंबर की २४ जानेवारी? रोमानियाच्या दोन एकीकरणांचा घोळ

दरवर्षी १ डिसेंबरला रोमानियाच्या निळ्या-पिवळ्या-लाल झेंड्याखाली 'स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा' असं लिहिलेलं दिसतं. कधीकधी सोबत १८५९ मध्ये राजा म्हणून निवडल्या गेलेल्या अलेक्सांद्रू इओआन कुझाचं दाढीवालं चित्रही असतं. दोन्ही चूक. आपल्याला १५ ऑगस्टची सवय, म्हणून राष्ट्रीय दिन म्हटला की तो स्वातंत्र्याचाच असणार असं आपण धरून चालतो. रोमानियाने ऑटोमन साम्राज्यापासून स्वातंत्र्य जाहीर केलं ते ९ मे १८७७ रोजी. १ डिसेंबर हा १९१८ च्या एकीकरणाचा दिवस, आणि तो उजाडला तेव्हा कुझाला जाऊन ४५ वर्षं झाली होती. त्याचा दिवस २४ जानेवारी.

१ डिसेंबर बहुतेकांना ठाऊक असतो: बुखारेस्टच्या विजयकमानीखालून संचलन, ट्रान्सिल्व्हेनियातल्या अल्बा यूलिया शहरात गर्दी, थंडीत वाफाळती घेवड्याची उसळ आणि सॉसेज. १९९० पासून तो राष्ट्रीय दिन आहे. त्यावर जास्त लिहीत नाही.

खरा घोळ पुढे आहे. १८५९ चं 'लहान एकीकरण' आणि १९१८ चं 'महान एकीकरण' ही नावं रोमानियातच रुळली आहेत, आणि त्यामुळे वाटतं की एकच काम दोन हप्त्यांत झालं. तसं नाही. दोन्ही वेळी एकत्र येणारे वेगळे होते आणि एकत्र येण्याची रीतही वेगळी होती.

१८५९ मध्ये रोमानिया नावाचं राज्यच नव्हतं. मोल्दाविया आणि वलाकिया ही सुलतानाची दोन मांडलिक संस्थानं होती. १८५८ च्या पॅरिस करारात बड्या सत्तांनी बजावलं होतं की राजे दोन, विधानसभा दोन, सरकारंही दोन. पण दोन्हीकडे एकच माणूस निवडू नये, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. मग ५ जानेवारीला याशमध्ये मोल्दावियाने कुझाला निवडलं आणि २४ जानेवारीला बुखारेस्टमध्ये वलाकियानेही त्यालाच. करारातला शब्दही न मोडता दोन गाद्यांवर एक माणूस बसला. फोक्शान गावातून तर या दोन संस्थानांची सीमाच जायची, मिल्कोव नदीच्या काठाने. एक सरकार आणि एक संसद व्हायला १८६२ उजाडलं, आणि सुलतानाचं मांडलिकत्व त्यानंतरही राहिलंच.

१९१८ मध्ये यातलं काहीच नव्हतं. रोमानिया तेव्हा स्वतंत्र राज्य होतं, आणि त्याला येऊन मिळत होते ऑस्ट्रिया-हंगेरीतले रोमानियन: ट्रान्सिल्व्हेनिया, बानात, क्रिशाना, मारामुरेश इथले. अल्बा यूलियाच्या सभागृहात १,२२८ प्रतिनिधींनी ठराव केला आणि बाहेरच्या मैदानात जमलेल्या लोकांना तो वाचून दाखवला. सामोइला मर्झा नावाचा तरुण, नुकताच युद्धावरून परतलेला, काचेच्या प्लेटांचा कॅमेरा घेऊन त्या गर्दीत उभा होता. त्या दिवसाचे फोटो मोजकेच आहेत, आणि ते त्याने काढले म्हणून आज पाहायला मिळतात.

'त्या दिवशी सगळे प्रांत आले' हेही लिहू नका. बेसाराबियाने आधीच मार्चमध्ये आणि बुकोव्हिनाने २८ नोव्हेंबरला आपापला निर्णय घेतला होता.

तारखांचा मुद्दा छोटा आहे, पण छळतो. २४ जानेवारी ही जुन्या जुलियन पंचांगातली तारीख, आजच्या हिशेबाने ती ५ फेब्रुवारी होते. १ डिसेंबर मात्र आजच्याच पंचांगातली, कारण ट्रान्सिल्व्हेनिया तेव्हा नवं पंचांग पाळत होता. रोमानियाने ते १९१९ मध्ये घेतलं. दोन्ही सण छापील तारखेलाच साजरे होतात. त्यामुळे कृपा करून हिशेब करून कुणाला फेब्रुवारीत शुभेच्छा पाठवू नका.

माझं मन २४ जानेवारीकडे झुकतं. 'लहान' हे विशेषण मला पटतच नाही: त्या दोन निवडणुका झाल्या नसत्या, तर १९१८ मध्ये सामील व्हायला राज्य कुठून आलं असतं? त्या दिवशी याश आणि फोक्शानच्या चौकांत अनोळखी माणसंही हातात हात घालून एकीकरणाची होरा, म्हणजे रिंगण धरून करायचा नाच, नाचतात. कुझाचं चित्र लावायचं तर त्या दिवशी लावा. १ डिसेंबरला नुसतं 'ला मुल्त्स आनी, रोमानिया' म्हणा. वाढदिवसालाही तिथे हेच म्हणतात.