वुल्चीच्या भिंतीवरचा तार्क्विन: रोमच्या राजकथांची पार्श्वभूमी

१८५७ साली मध्य इटलीतल्या वुल्ची या प्राचीन नगराजवळ अलेस्सांद्रो फ्रान्स्वा यांनी खडकात कोरलेले एक थडगे उघडले. वेल सातिएस नावाच्या इट्रस्कन सरदाराच्या घराण्याचे हे थडगे; इट्रस्कन म्हणजे रोमच्या उत्तरेला, टायबर नदीपलीकडच्या इट्रुरियात राहणारे लोक. आतल्या भिंतींवर इ.स.पू. चौथ्या शतकातली चित्रे होती. एका बाजूला ट्रोजन युद्धातला प्रसंग, अकिलीस एका कैद्याचा गळा चिरतो आहे. समोरच्या बाजूला मात्र ग्रीक पुराणातले कोणी नाही. तिथे इट्रस्कन वीर आहेत आणि प्रत्येकाजवळ त्याचे नाव लिहिले आहे. काही जण नग्न आहेत, म्हणजे नुकतेच कैदेतून सुटलेले, आणि ते बेसावध सापडलेल्या शत्रूंना भोसकत आहेत. माकस्त्रना नावाचा माणूस काइले विपिनासच्या हातांचे दोर तलवारीने कापतो आहे. आणखी एका जोडीत मार्के कामित्लनास तलवार उपसतो आहे आणि त्याच्या तावडीत सापडलेल्या माणसाजवळ अक्षरे आहेत: 'क्नेवे तार्खुनिएस रूमाख'. रूमाख म्हणजे रोमचा. हा रोमचा ग्नेयस तार्क्विनियस.

रोमनांनी लिहिलेल्या इतिहासात असा राजा सापडत नाही. त्यांचे दोन्ही तार्क्विन राजे 'लुशियस' आहेत, आणि दोघांपैकी एकही वुल्चीच्या माणसाच्या तलवारीने मेला नाही. रोमच्या राजकथा वाचताना हे चित्र मी कायम समोर ठेवतो. आपल्यापर्यंत पोहोचलेली कथा एकाच तीरावरून सांगितलेली आहे. टायबर नदीच्या पलीकडच्या तीरावर तीच माणसे वेगळ्या नावांनी, वेगळ्या पराक्रमांसह आठवली जात होती.

रोमनांची परंपरा सात राजे मोजते. रोम्युलसने इ.स.पू. ७५३ मध्ये नगर वसवले, त्यानंतर नुमा, तुलस होस्टिलियस, अँकस मार्शियस, मग थोरला तार्क्विनियस, सर्व्हियस तुलियस आणि शेवटी इ.स.पू. ५०९ मध्ये हाकलला गेलेला तार्क्विनियस सुपर्बस, म्हणजे गर्विष्ठ तार्क्विन. २४४ वर्षांत सात राजे. सरासरी प्रत्येकी पस्तीस वर्षे, आणि तीही अशी की यातले निदान दोघे खून होऊन गेले. कुठल्याही खऱ्या राजवंशाला हा हिशेब जमणारा नाही. तार्क्विनांच्या बाबतीत तर तो पुराणकाळीच खटकला होता. बाप इ.स.पू. ६१६ला गादीवर येतो आणि मुलगा इ.स.पू. ४९५ला परागंदा अवस्थेत मरतो, हे कसे? डायोनिसियस या ग्रीक इतिहासकाराने मुलाऐवजी नातू करून ही गाठ सोडवायचा प्रयत्न केला.

हे असे का झाले ते समजण्यासारखे आहे. रोमचा पहिला इतिहासकार फेबियस पिक्टर याने इ.स.पू. २००च्या सुमारास लिहिले, तेही ग्रीक भाषेत. म्हणजे राजे जाऊन तीनशे वर्षे उलटल्यावर. ज्याच्यामुळे या कथा जगभर वाचल्या गेल्या तो लिव्ही तर पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळातला, आणखी दोनशे वर्षांनंतरचा. इ.स.पू. ३९०च्या सुमारास गॉल लोकांनी रोम जाळले तेव्हा जुनी दप्तरे नष्ट झाली, असे लिव्ही स्वतःच सांगतो. मधल्या काळात कथा टिकल्या त्या मोठ्या घराण्यांच्या आठवणींत, देवळांच्या भिंतींवर आणि जागांच्या नावांत. यातली जागांची नावे मला सर्वात भरवशाची वाटतात, कारण टेकडीला खोटे बोलायचे कारण नसते; तिच्या नावाचा अर्थ लावणारी माणसे मात्र चुकू शकतात.

पहिल्या चार राजांबद्दल फार थांबण्यासारखे नाही. पॅलटाइन टेकडीवर १९४८ मध्ये लोहयुगीन झोपड्यांच्या खांबांची भोके सापडली, त्यामुळे इ.स.पू. आठव्या शतकात तिथे वस्ती होती हे नक्की. त्यापलीकडे रोम्युलसला हात लावता येत नाही. इट्रस्कन कथा खऱ्या अर्थाने सुरू होते ती एका टोपीपासून.

कोरिंथ या ग्रीक नगरातला डेमाराटस नावाचा श्रीमंत माणूस राजकीय उलथापालथीमुळे देश सोडून तार्क्विनिया या इट्रस्कन नगरात आला आणि तिथलीच बायको करून राहिला. त्याचा मुलगा लुकुमो, म्हणजेच पुढे रोमचा राजा झालेला थोरला तार्क्विन. पैसा होता, पण परक्याचा मुलगा म्हणून नगरात मान नव्हता. त्याची बायको तनाक्विल उच्चकुलीन; तिला हे सहन होईना. तिनेच नवऱ्याला सांगितले की रोमला चला, ते नवे गाव आहे, तिथे कर्तृत्वाला वाव आहे. गाडीत बसून दोघे जॅनिक्युलम टेकडीवर पोहोचले. समोर नदी, पलीकडे रोम. तेवढ्यात एक गरुड अलगद खाली आला, त्याने लुकुमोच्या डोक्यावरची टोपी उचलली, गाडीवर घिरट्या घातल्या आणि टोपी पुन्हा नीट डोक्यावर ठेवली. तनाक्विल शकुन जाणणारी होती. तिने तिथल्या तिथे नवऱ्याला मिठी मारली आणि सांगितले: मोठ्या भाग्याची तयारी ठेव.

या गोष्टीत ओळखीच्या खुणा आहेत. 'लुकुमो' हे नाव म्हणजे इट्रस्कन भाषेत राजाला किंवा अधिपतीला असलेला शब्द. रोमनांनी पदवीचेच नाव करून टाकले. शकुन पाहणे ही इट्रस्कनांची खास विद्या होती. पिआचेंझाजवळ १८७७ मध्ये सापडलेले मेंढीच्या यकृताचे कांस्य प्रतिरूप याची साक्ष देते: त्यावर चौकटी आखून प्रत्येकीत देवतेचे नाव कोरले आहे, बळीच्या जनावराच्या यकृतावर कुठल्या देवाचा कौल कुठे वाचायचा ते कळावे म्हणून. आणि तनाक्विल. इट्रस्कन शिलालेखांत माणसाच्या बापाबरोबर आईचेही नाव येते, थडग्यांच्या चित्रांत बायका नवऱ्यांशेजारी मेजवानीला बसतात. निर्णय घेणारी, राजा घडवणारी राणी रोमन कथाकारांनी पलीकडच्या तीरावरच्या बाईला दिली, ती उगाच नव्हे.

थोरल्या तार्क्विनचा खून झाला तेव्हाही सूत्रे तिच्याच हाती होती. तिने वाड्याचे दरवाजे लावून घेतले, वरच्या खिडकीतून लोकांना सांगितले की राजा शुद्धीवर आला आहे, तोवर सर्व्हियसचे ऐका. सर्व्हियस हा वाड्यातल्या ओक्रेसिया नावाच्या युद्धकैदी स्त्रीचा मुलगा. लहानपणी झोपेत त्याच्या डोक्याभोवती ज्वाळा पेटलेल्या दिसल्या, पाणी ओतायला धावलेल्या नोकराला तनाक्विलने थांबवले आणि मुलगा जागा होताच ज्वाळा विझल्या, अशी कथा. राजाच्या मृत्यूची बातमी लपवून तिने त्याच मुलाला गादीवर बसवले.

ही झाली रोमची बाजू. दुसरी बाजू इ.स. ४८ मध्ये एका सम्राटाने सिनेटमध्ये मांडली. क्लॉडियसला इट्रस्कनांच्या इतिहासाचा मनापासून नाद होता. त्याने त्यावर ग्रीकमध्ये वीस खंड लिहिले होते. ते सगळे हरवले, ही माझ्या दृष्टीने प्राचीन वाङ्मयातली सर्वात जिव्हारी लागणारी हानी. भाषण मात्र वाचले. गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) प्रतिष्ठितांना सिनेटमध्ये घ्यावे, असे त्याचे म्हणणे होते, आणि त्यासाठी त्याने दाखला दिला की रोमवर परक्यांनीही राज्य केले आहे. भाषणाचा मजकूर कोरलेला कांस्यपट १५२८ मध्ये लियों इथे सापडला. त्यात क्लॉडियस म्हणतो की आपल्या लेखकांच्या मते सर्व्हियस तुलियस हा कैदी ओक्रेसियाचा मुलगा, पण इट्रस्कनांच्या मते तो केलियस व्हिबेनाचा निष्ठावान साथीदार. नशीब फिरल्यावर केलियसच्या उरलेल्या फौजेसह तो इट्रुरियातून निघाला, रोममधली एक टेकडी ताब्यात घेतली, तिला आपल्या नायकाच्या नावावरून केलियन म्हटले आणि स्वतःचे नाव बदलले. इट्रस्कन भाषेत त्याचे नाव होते मस्तार्ना.

पट सापडल्यानंतर तीनशे एकोणतीस वर्षांनी वुल्चीचे थडगे उघडले आणि भिंतीवर तोच मस्तार्ना उभा होता, माकस्त्रना म्हणून, केलियस व्हिबेनाच्या, म्हणजे काइले विपिनासच्या, हातांचे दोर कापत. क्लॉडियसने ही गोष्ट मनाने रचली नव्हती. त्याच्या साडेतीनशे वर्षे आधी वुल्चीच्या लोकांना ती तोंडपाठ होती. माकस्त्रना हे नाव लॅटिनमधल्या 'मॅजिस्टर' या शब्दाला इट्रस्कन प्रत्यय लावून झाले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर तेही नाव नसून पद ठरते: सेनानायक. गादीवर हक्क नसलेला, स्वतःच्या फौजेच्या बळावर नगर ताब्यात घेणारा माणूस. दासीपुत्राची कथा आणि सेनानायकाची कथा, दोन्हींत एक गोष्ट समान आहे: हा राजा कायदेशीर वारस नव्हता.

केलियसचा भाऊ ऑलस व्हिबेनाही त्या भिंतीवर आहे. त्याची वेगळी कथा रोममध्ये फिरत होती. कॅपिटॉल टेकडीवर ज्युपिटरच्या देवळाचा पाया खणताना माणसाचे एक शिर सापडले. रोमन दूत अर्थ विचारायला एका प्रसिद्ध इट्रस्कन शकुनज्ञाकडे गेले. त्याने काठीने जमिनीवर देवळाचा आराखडा काढला आणि बोट ठेवत विचारले, "शिर इथे सापडले ना?" 'हो' म्हटले असते तर शकुनाचे फळ रोमकडून इट्रुरियाकडे गेले असते. दूतांना आधीच सावध केलेले होते. ते प्रत्येक वेळी एवढेच म्हणत राहिले: "इथे नाही, रोममध्ये." ते शिर कोणाचे, याचे एक उत्तर असे दिले जाई की ऑलस नावाच्या वुल्चीच्या माणसाचे, आणि कॅपिटॉल म्हणजे 'कापुत ओली', ओलसचे शिर. ही व्युत्पत्ती नंतर जुळवलेली आहे हे उघड आहे. पण रोमच्या सर्वात पवित्र टेकडीखाली वुल्चीच्या माणसाचे डोके आहे, असे रोमनांनी जपून ठेवावे, यात जुन्या आठवणीचा धागा आहे. शिवाय रोमपासून जेमतेम सोळा किलोमीटरवर असलेल्या व्हेई नगराच्या देवळात इ.स.पू. सहाव्या शतकातले एक काळे मातीचे भांडे मिळाले आहे, त्यावर अर्पण करणाऱ्याचे नाव आहे अविले विपिएन्नास. तो नेमका हाच ऑलस होता की त्याच नावाचा दुसरा कोणी, हे भांडे सांगत नाही. नाव आणि काळ मात्र दोन्ही जुळतात.

खुद्द रोममध्ये, संत ओमोबोनोच्या चर्चजवळच्या उत्खननात, जिथे सर्व्हियसने देवळे बांधली असे परंपरा सांगते त्याच जागी, सहाव्या शतकातल्या देवळाचे अवशेष निघाले. तिथेच सिंहाच्या आकाराची एक छोटी हस्तिदंती पट्टी मिळाली, पाठीवर इट्रस्कन अक्षरांत एका माणसाचे नाव कोरलेली. राजवाड्यापुरतेच नाही, तर गावात इट्रस्कन बोलणारी माणसे वावरत होती. फोरम या मुख्य चौकापासून नदीकडे जाणाऱ्या रस्त्याचे नावच 'विकुस तुस्कुस', इट्रस्कनांची आळी.

शेवटच्या तार्क्विनच्या कथेत सूर बदलतो. त्याची बायको तुलिया ही सर्व्हियसची मुलगी. बापाचा खून झाल्यावर तिने त्याच्या प्रेतावरून गाडी हाकली आणि त्या रस्त्याला 'पापाचा रस्ता' हे नाव पडले. राजपुत्रांची छावणीत पैज लागते की कोणाची बायको सर्वात सुशील, आणि ते रात्रीच घोड्यांवरून परततात. राजघराण्याच्या सुना मेजवानीत दंग असतात. कोलातियाची लुक्रेशिया मात्र दिव्याच्या उजेडात दासींसह लोकर कातत बसलेली असते. मेजवानीला बसणारी बाई इट्रस्कन, सूत कातणारी बाई रोमन: तनाक्विलचे कौतुक करणारी परंपरा इथे तिच्याच वारसदारांना पायरीवरून खाली उतरवते. पुढे राजपुत्र सेक्स्टस लुक्रेशियावर बलात्कार करतो, ती स्वतःला संपवते, ब्रूटस तिच्या शरीरातून काढलेला सुरा हातात धरून शपथ घेतो आणि राजेशाही जाते.

पण तार्क्विनांनी उभारलेले कॅपिटॉलचे देऊळ राहिले. देवाची मातीची मूर्ती घडवली ती व्हेईच्या वुल्का या शिल्पकाराने, असे रोमन लेखक प्लिनी सांगतो. राजे गेले तरी राजचिन्हे गेली नाहीत: काठ्यांच्या जुडीत बांधलेली कुऱ्हाड, ती जुडी घेऊन पुढे चालणारे बारा सेवक म्हणजे लिक्टर, हस्तिदंती खुर्ची, जांभळ्या काठाचा टोगा. रोमन स्वतःच मान्य करत की हे सगळे पलीकडच्या तीरावरून आले.

उरला पोर्सेना. तार्क्विनला परत गादीवर बसवायला क्लुझियम या इट्रस्कन नगराचा हा राजा चालून आला तेव्हा होरेशियसने एकट्याने पूल अडवला, म्युशियसने आपला उजवा हात विस्तवात धरला, क्लोएलिया नदी पोहून पळाली, आणि थक्क झालेला राजा तह करून निघून गेला. लिव्हीची ही पाने अप्रतिम आहेत. पण रोमन इतिहासकार टॅसिटस एका वाक्यात सहज सांगून जातो की रोमने पोर्सेनापुढे शरणागती पत्करली होती, आणि प्लिनीला माहीत आहे की त्या तहात रोमनांना शेतीखेरीज कशासाठीही लोखंड वापरायची बंदी होती. हरलेल्या नगराला घालतात तशी ही अट. मग तार्क्विनला घालवले कोणी? तो पोर्सेनानेच घालवला आणि रोम स्वतःकडे ठेवायचा बेत केला, हे मत मला सर्वात पटते, कारण विजेता पोर्सेना तार्क्विनला गादीवर बसवत नाही ही गोष्ट दुसऱ्या कशाने नीट उलगडत नाही. पुढे त्याचा मुलगा अरुन्स लॅटिन नगर अरिशियावर चालून गेला आणि कुमाईच्या ग्रीकांच्या मदतीने लॅटिनांनी त्याचा पराभव केला. उरलेल्या जखमी इट्रस्कनांना रोमने आसरा दिला. विकुस तुस्कुसचे नाव त्यांच्यावरून पडले, असेही काही जण सांगत.

लिव्हीच्या काळापर्यंत रोममध्ये सरकारी मालाचा लिलाव होताना एक जुनी घोषणा केली जाई: राजा पोर्सेनाचा माल विकला जात आहे. ही चाल आली कुठून, हे लिव्हीलाही कोडे होते. शांततेने निघून गेलेल्या राजाच्या मालाचा लिलाव कशासाठी होईल, म्हणून त्याने एक सौम्य खुलासा शोधला: जाताना पोर्सेनाने धान्याने भरलेली छावणी उपाशी रोमनांना दिली, आणि लुटालूट होऊ नये म्हणून ते धान्य विकण्यात आले. खुलासा लिहून तो पुढच्या प्रसंगाकडे वळला. लिलाव पुकारणारे मात्र पाचशे वर्षे तेच नाव घेत राहिले होते.