कुकी पुसली म्हणजे पासवर्ड गेला का?

दहावी-बारावीचे निकाल लागले की फोंडा असो, डिचोली असो की म्हापसा, झेरॉक्सच्या दुकानांत गर्दी उसळते. प्रवेशाचे अर्ज, रहिवासी दाखला, शिष्यवृत्ती, सगळं ऑनलाइन, आणि घरी प्रिंटर नाही. दुकानात कॉम्प्युटर एकच. त्यावर सकाळपासून किती जणांनी आपापला मेल उघडला, हे दुकानदारालाही सांगता येणार नाही. अर्जाची पीडीएफ उतरेपर्यंत मागचा माणूस खांद्यावरून डोकावत असतो, आणि तेवढ्यात कोपऱ्यात 'सेव्ह पासवर्ड?' असा चौकोन आला की तो घालवायला म्हणून हात सरळ 'सेव्ह'वर जातो.

ह्या घाईतून पुढे दोन तक्रारी निघतात, आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट असतात. एक म्हणतो, "अहो, मी हिस्टरी, कुकी सगळं पुसून आलो, तरी माझा पासवर्ड त्या चौकटीत आपोआप येतो कसा?" दुसरी म्हणते, "पासवर्ड मी काढून टाकला भाऊ, तरी माझा मेल उघडाच कसा?" दोघंही खरं बोलतात. पहिल्याने जे पुसलं ते दुसरीला पुसायला हवं होतं, आणि दुसरीने जे काढलं ते पहिल्याला.

कुकी आणि साठवलेला पासवर्ड ह्या एकाच ब्राउझरमध्ये (म्हणजे क्रोम, फायरफॉक्ससारख्या संकेतस्थळं उघडायच्या प्रोग्रॅममध्ये) राहणाऱ्या, पण एकमेकींशी संबंध नसलेल्या दोन गोष्टी आहेत.

आधी कुकी. वेब मुळातच विसराळू आहे. तुम्ही एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलात की सर्व्हरच्या, म्हणजे संकेतस्थळ जिथून चालतं त्या कॉम्प्युटरच्या, लेखी तुम्ही पुन्हा अनोळखी. १९९४ साली नेटस्केप ह्या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत काम करणाऱ्या लू माँटुली यांनी ह्यावर तोड काढली: सर्व्हरने ब्राउझरकडे मजकुराचा एक छोटा तुकडा ठेवायला द्यायचा, आणि ब्राउझरने पुढच्या प्रत्येक विनंतीबरोबर तो परत दाखवायचा. तुम्ही लॉगिन करता तेव्हा त्या तुकड्यात पासवर्ड लिहिलेला नसतो. असते ती अक्षरं-आकड्यांची लांबलचक, निरर्थक दिसणारी माळ. ही माळ ज्याच्याकडे तो अमुक माणूस, अशी नोंद सर्व्हरकडे असते. आपल्याकडे संगीत महोत्सवांना फाटकावर तिकीट बघून मनगटाला कागदी पट्टा बांधतात, तसंच हे. पट्टा आहे तोवर आत-बाहेर करा, तिकीट कोणी विचारत नाही. पट्टा तुटला की पुन्हा फाटकावर.

म्हणून कुकी पुसली की तुम्ही बाहेर पडता, एवढंच. पासवर्ड कुठे साठवला असेल तर तो जिथल्या तिथे राहतो, आणि लॉगिनचं पान उघडलं की ब्राउझर तो इमानेइतबारे भरून देतो.

इथे एक बारकावा आहे. कुकी पुसली की तुमच्या बाजूची माळ गेली, पण सर्व्हरवरची नोंद तिची मुदत संपेपर्यंत तशीच राहू शकते. संकेतस्थळावरचं 'लॉगआउट' दाबलं तर सर्व्हरलाही कळतं, आणि नीट बांधलेल्या संकेतस्थळावर ती नोंद तिथेच रद्द होते. म्हणून लॉगआउट आधी, पुसापुशी नंतर. कंटाळवाणं वाटेल, पण कुकी चोरणारे व्हायरस असतात, आणि जिवंत कुकी हाती लागली तर चोराला ना पासवर्ड लागतो ना ओटीपी. दोन्ही तपासण्या तुम्ही आधीच पार केलेल्या असतात!

आता साठवलेला पासवर्ड. ह्याचा सर्व्हरशी काही संबंधच नाही. बँकेला, मेलवाल्याला, सरकारी पोर्टलला ठाऊकही नसतं की तुमच्या ब्राउझरने तो टिपून ठेवलाय. हा सगळा मामला ब्राउझर आणि तुमच्यातला. विंडोजवर क्रोम ते पासवर्ड कुलूपबंद करून ठेवतं, पण त्या कुलपाची किल्ली विंडोजच्या त्या वापरकर्त्याच्या खात्याशी बांधलेली असते. दुकानातल्या कॉम्प्युटरवर खातं एकच, सगळ्यांसाठी, आणि त्याला बहुधा पासवर्ड नसतोच. असला तरी स्क्रीनच्या कडेला चिकटवलेल्या पिवळ्या कागदावर लिहिलेला. म्हणजे त्या खुर्चीवर जो बसेल त्याची ती किल्ली. पासवर्डच्या यादीतल्या डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारली की काळ्या ठिपक्यांच्या जागी अक्षरं दिसतात. विंडोजला पिन असेल तर आधी तो विचारला जातो, नसेल तर आडकाठीच नाही. २०१३ मध्ये क्रोमच्या ह्याच उघड्या यादीवरून बराच गदारोळ झाला होता. पिन विचारण्याची पद्धत त्यानंतरची. पण पिन लागतो तो अक्षरं बघायला. लॉगिनच्या पानावर ठिपके भरायला नेहमीच्या मांडणीत तो लागत नाही, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तुमच्या मेलमध्ये शिरायला ठिपके पुरतात.

गोंधळाचं मूळ मात्र पुसण्याच्या खिडकीत आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट एकदम दाबलं की क्रोममध्ये ती उघडते. समोर हिस्टरी, कुकी आणि साठवलेली चित्रं अशा ओळी, त्यांच्यापुढे बरोबरच्या खुणा आधीच केलेल्या, आणि वर वेळेचा पर्याय बहुधा शेवटच्या तासावर. माणूस खालचं मोठं बटण दाबतो आणि सगळं साफ केल्याच्या समाधानात उठतो. पासवर्डची ओळ त्यात नसते. क्रोमच्या आवृत्तीप्रमाणे ती कधी 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅबमध्ये, खूण न केलेली असते, तर कधी तुम्हाला वेगळ्याच पानावर पाठवते. फायरफॉक्समध्ये हिस्टरी पुसायच्या खिडकीतून साठवलेले पासवर्ड जातच नाहीत. त्यांचं दालन पूर्ण निराळं. माझ्या मते ब्राउझरवाल्यांचं ह्यात चुकत नाही. रोज कुकी पुसणाऱ्या माणसाचे वर्षांचे पासवर्ड एका फटक्यात उडाले असते तर त्याने त्यांच्या नावाने बोटं मोडली असती. पण खिडकीत एक स्पष्ट ओळ असती, 'तुमचे पासवर्ड ह्यात जात नाहीत', तर काय बिघडलं असतं?

पासवर्ड काढायचा तर क्रोमच्या तीन ठिपक्यांत 'पासवर्ड्स अँड ऑटोफिल' आणि त्यात 'गूगल पासवर्ड मॅनेजर'. संकेतस्थळाचं नाव निवडा, 'डिलीट' दाबा, झालं. फायरफॉक्सच्या मेन्यूत सरळ 'पासवर्ड्स' असंच लिहिलेलं असतं. यादीत एकाच स्थळाचे दोन-तीन नोंदलेले सापडले तर चकित होऊ नका. जीमेलचे घरातल्या तिघांचे असू शकतात, तेव्हा खालचं वापरकर्तानाव वाचूनच बोट ठेवा.

दुकानातल्या कॉम्प्युटरवर मात्र हात घालण्याआधी थांबा, कारण खरा घोळ इथेच होतो. २०१८ च्या ६९ व्या आवृत्तीपासून क्रोममध्ये जीमेलला लॉगिन केलं की ब्राउझरही तुमच्या गूगल खात्याशी जोडला जातो. त्यावर आणखी एखाद्या चौकोनाला 'येस' म्हणून बसलात तर फोनवर साठवलेले तुमचे सगळे पासवर्ड दुकानातल्या यादीत येऊन बसतात. आता ही यादी दुकानात नको म्हणून तुम्ही एकेक उडवायला लागलात, तर ते फोनवरूनही उडतात. कारण तिथे दिसते ती यादी दुकानातल्या यंत्राची नव्हे, तुमच्या खात्याची. अशा वेळी पासवर्डला हात लावायचाच नाही. वर उजवीकडे तुमच्या फोटोचा गोल असतो, तिथून आधी खातं ब्राउझरमधून बाहेर काढा आणि मग यादी पुन्हा उघडून बघा. तरीही तुमचं नाव उरलं असेल तर तेवढीच नोंद त्या यंत्रावरची, ती खुशाल काढा.

'सेव्ह'च्या चौकोनात 'नेव्हर' असंही एक बटण असतं. ते दाबलं तर त्या स्थळासाठी तो ब्राउझर पुन्हा कोणालाच विचारत नाही. सार्वजनिक कॉम्प्युटरवर हे तुमच्या मागून येणाऱ्यांवर उपकारच. दुकानदाराने तर पासवर्ड मॅनेजरच्या सेटिंगमध्ये जाऊन विचारणंच बंद करावं, किंवा गिऱ्हाइकाला क्रोमच्या गेस्ट खिडकीत बसवावं. ती बंद केली की कुकीसकट सगळं जातं, आणि कोणाचा जुना पासवर्ड तिथे मुळात दिसतच नाही. इन्कॉग्निटो, म्हणजे हिस्टरी न ठेवणारी खाजगी खिडकी, ही गेस्ट नव्हे: त्यात नवा पासवर्ड साठवायला विचारत नाहीत, पण आधी साठवलेले निवडून भरता येतात.

समजा, तुम्ही कदंबच्या बसमध्ये बसलात आणि मग आठवलं. आता त्या यंत्रापर्यंत हात पोचत नाही, म्हणजे कुकीही पुसता येत नाही आणि साठवलेला पासवर्डही काढता येत नाही. तरी दोन्हींचा बंदोबस्त फोनवरून होतो. गूगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावर तुमची यंत्रं दिसतात. अनोळखी विंडोजवर बोट ठेवून साइन आउट करा. ह्याने कुकी निकामी झाली. मग पासवर्डच बदला. दुकानातल्या यादीत जुना पडून राहील, राहू दे बापडा, त्याने आता काही उघडत नाही. उलट दिशेने मात्र हे चालत नाही. ब्राउझरमधून पासवर्ड काढला म्हणजे तो बदलला, असं धरून चालणारेही भेटतात. संकेतस्थळाच्या लेखी काहीच बदललेलं नसतं. तोच पासवर्ड दुसऱ्या कोणी वहीत टिपला असेल तर त्याला तो आजही चालतो.

घरच्या, एकट्याने वापरायच्या लॅपटॉपवर हा सगळा खटाटोप उलटा करायला हवा. तिथे कुकी पुसायला हरकत नाही. फार तर पुन्हा लॉगिन करावं लागेल. पण साठवलेले पासवर्ड 'सुरक्षिततेसाठी' म्हणून सरसकट काढू नका. त्यातले निम्मे तुम्हाला पाठ नसतात, आणि 'फरगॉट पासवर्ड' दाबल्यावर ओटीपी कुठे जातो ते बघितलेलं नसतं. गोव्यात हा प्रश्न जरा जास्तच आहे. घरातला कोणी तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला, कोणी आखातात, कोणी पोर्तुगालला. खातं उघडलं तेव्हाचा नंबर रिचार्ज न केल्याने कधीच बंद पडलेला, आणि खात्यात मात्र अजून तोच. अशा खात्याचा एकमेव चालू पासवर्ड कधीकधी त्या ब्राउझरच्या यादीतच असतो. तो काढण्याआधी खात्यात शिरा, नवा नंबर नोंदवा, ओटीपी खरोखर येतो का बघा. यादीची सीएसव्ही (साध्या तक्त्याची) फाइल उतरवून ठेवायची सोय आहे, पण त्या फाइलमधले पासवर्ड साध्या अक्षरांत, कोणालाही वाचता येतील असे असतात, तेव्हा काम झालं की ती रिसायकल बिनमधूनही काढा.