मिडी केबलमधून आवाज जातच नाही

‘जाड, महाग मिडी केबल लावा, जुन्या रॅक मॉड्यूलचा आवाज भरदार येईल’ हा सल्ला सांगली-मिरजेच्या कीबोर्डवाल्यांत वर्षानुवर्षं फिरतोय. मिडी केबल म्हणजे कीबोर्डला दुसऱ्या वाद्ययंत्राशी जोडणारी वायर, आणि रॅक मॉड्यूल म्हणजे स्वतःच्या पट्ट्या नसलेलं, कीबोर्डच्या इशाऱ्यावर आवाज काढणारं पेटीवजा यंत्र.

तसं वाटणं साहजिक आहे. गिटारची वायर आवाजच नेते. ती खराब झाली की घरघर लगेच ऐकू येते. मिडीचं काम मात्र वेगळं. 1983 पासून वापरात असलेल्या या पाच पिनांच्या केबलमधून फक्त सूचना जातात. कीबोर्डवर मधला सी दाबला की तीन आकडे निघतात, समजा 144, 60, 100. अर्थ असा: पहिल्या चॅनलवर, साठ नंबरचा सूर, इतक्या जोरात वाजव. आवाज तयार होतो तो मॉड्यूलच्या पोटात.

हिशोबही करून बघा. मिडीचा वेग सेकंदाला 31,250 बिट. सीडीच्या दर्जाच्या स्टिरिओ आवाजाला सेकंदाला 14 लाखांहून जास्त बिट लागतात. मावणार कुठे?

घरी तपासायचं तर आवाज कमी करून मॉड्यूलची ऑडिओ वायर काढा आणि पट्टी दाबा. बऱ्याच मॉड्यूलवर मिडीचा दिवा लुकलुकतो, स्पीकर मात्र गप्प. वायर परत लावून पियानोऐवजी बासरी निवडा. तीच पट्टी, तीच केबल, सूर बासरीचा!

मिडी केबल बिघडली तर सूर गळतो किंवा अडकून वाजतच राहतो. पातळ कधी होत नाही. लांबी 15 मीटरच्या आत ठेवा, साधी धड केबल पुरते. आवाज खरखरत असेल तर आधी ऑडिओ वायर, मग मॉड्यूलचा जॅक आणि व्हॉल्यूमची खुंटी साफ करून घ्या. जुन्या यंत्रांत दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो.