पीठ आंबवण्यासाठी जुना फ्रीज: तापमान नियंत्रकाची जोडणी आणि दोषशोध

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि डिसेंबरच्या पहाटे दहाच्या खाली उतरतो, त्यामुळे इडलीचे पीठ उन्हाळ्यात काही तासांतच आंबट होते आणि हिवाळ्यात सकाळपर्यंत जागचे हलत नाही. पीठ फुगवण्याचे मुख्य काम करणाऱ्या ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइड्स या जीवाणूला साधारण २० ते ३० अंश मानवतात. उष्णता त्याहून बरीच वाढली की आम्ल तयार करणारे इतर जीवाणू वरचढ ठरतात. जुना पण चालू फ्रीज, ४० वॉटचा तारेचा बल्ब (एलईडी नव्हे, कारण त्याची ऊब अगदीच कमी) आणि एसटीसी-१००० या जातीचा तापमान नियंत्रक एवढ्यावर ही अडचण बारा महिने सोडवता येते. हा नियंत्रक परदेशात घरी बिअर करणाऱ्यांमध्ये विशेष लोकप्रिय झाला. आपल्या राज्यात परवान्याशिवाय मद्य बनवता येत नाही, पण पीठ किंवा कोंबुचा (आंबवलेला चहा) यांसाठी तीच जोडणी तंतोतंत चालते.

नियंत्रकाच्या मागे आठ टर्मिनल असतात. १ आणि २ वर २३० व्होल्टचा पुरवठा, ३ आणि ४ वर सेन्सर, ५ आणि ६ वर उष्णतेचा रिले, ७ आणि ८ वर थंडाव्याचा रिले. बहुतेकांची जोडणी फसते ती इथेच, कारण रिलेच्या टर्मिनलांवर स्वतःची वीज नसते. भिंतीवरच्या बटणासारखा तो फक्त वाट उघडतो आणि बंद करतो. म्हणून पुरवठ्याच्या फेजमधून एक लूप ५ वर आणि एक ७ वर द्यावा लागतो, ६ मधून बल्बला आणि ८ मधून फ्रीजच्या सॉकेटला फेज जाते, न्यूट्रल दोघांना थेट मिळते आणि हिरवी अर्थिंगची तार सॉकेटपर्यंत न चुकता पोहोचवावी लागते. १२ व्होल्टवर चालणारे नियंत्रकही दिसायला हुबेहूब असेच असतात, तेव्हा सीताबर्डीच्या दुकानातून घेताना मागचे लेबल वाचूनच घ्यावा. सर्व काम मेन बंद करून करावे. ओलाव्याजवळ वीज खेळवायची असल्याने ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) माझ्या मते अनिवार्य आहे, आणि वायरिंगचा सराव नसेल तर वायरमनलाच बोलवावे.

आकडा दिसतो, रिलेचा खट्ट आवाज येतो, तरी फ्रीज ढिम्म असेल तर आधी ७ वरचा लूप तपासावा. तो ठीक असेल तर फ्रीजचा मूळ थर्मोस्टॅट सर्वांत थंड खुणेवर आहे ना ते पाहावे. थंडाव्याचा दिवा नुसता लुकलुकत असेल तर तो दोष नव्हे. कॉम्प्रेसर थांबल्यावर आतील वायूचा दाब समान व्हायला काही मिनिटे लागतात, त्याआधी तो सुरू केला तर मोटार अडकते, म्हणून एफ३ या सेटिंगमध्ये ठरवलेला वेळ नियंत्रक वाट पाहतो. उन्हाळ्यात वीज वारंवार जाते-येते तेव्हा हेच सेटिंग कॉम्प्रेसर वाचवते, त्यामुळे ते कमी करण्याचा मोह टाळावा. एफ१ (हवे ते तापमान) वर २८ आणि एफ२ (चालणारा फरक) वर १ ठेवले, तर २९ ला फ्रीज आणि २७ ला बल्ब सुरू होतो. हा फरक फार लहान ठेवला की दोघे आळीपाळीने एकमेकांचे काम मोडत बसतात.

खरा धोकादायक दोष म्हणजे चिकटलेला रिले. सुरू होताना कॉम्प्रेसर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढतो, त्या ठिणग्यांनी कालांतराने संपर्कबिंदू चिकटतात आणि पॅनेलवरचा दिवा विझला तरी फ्रीज चालूच राहतो. असा नियंत्रक बदलावाच.

डिस्प्लेवर ईई उमटले तर सेन्सर किंवा त्याची तार गेली असे समजावे. पुरवठा तोडून सेन्सर सोडवून मल्टिमीटर लावला तर २५ अंशांना सुमारे १०,००० ओहम दिसतात, नागपूरच्या ३५ अंशांच्या खोलीत साडेसहा-सात हजार, आणि टोक बोटांत धरल्यावर आकडा बदलायला हवा. आकडा बदलत असूनही तापमान चुकीचे वाटत असेल, तर कुटलेल्या बर्फात थोडे पाणी घालून टोक त्यात बुडवावे. शून्यापासून जेवढा फरक दिसेल तेवढा उलट चिन्हाने एफ४ या दुरुस्तीच्या सेटिंगमध्ये भरावा.

सेन्सर हवेत लोंबकळत ठेवू नये. आंबताना पीठ स्वतःही थोडी उष्णता सोडते आणि हवेपेक्षा फार सावकाश तापते-थंडावते, म्हणून टोक पातेल्याच्या बाहेरच्या अंगाला पीठाच्या पातळीखाली चिकटवून त्यावर थर्माकोलचा तुकडा घट्ट बांधावा.