पान तेच, मजकूर नवा

संकेतस्थळाच्या मेन्यूतल्या दुव्यावर क्लिक केलं की दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर अख्खं पान जातं आणि त्या जागी दुसरं येतं. नाहीतर वरची पट्टी, मेन्यू आणि तळाची पट्टी जागच्या जागी राहतात आणि मधला मजकूर तेवढा बदलतो. दुसरा प्रकार जीमेल वापरणाऱ्यांच्या अंगवळणी पडलेला आहे. इनबॉक्समधून पाठवलेल्या पत्रांकडे गेलं तरी डावीकडची यादी हलत नाही.

हे घडवून आणायला जावास्क्रिप्टच्या, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भाषेच्या, पाच-सहा ओळी पुरतात. तरीही कितीतरी संकेतस्थळांवर ‘मागे’ बटण दाबलं की वाचक थेट बाहेर फेकला जातो. कुठे मित्राला पाठवलेल्या दुव्यावर भलतंच पान उघडतं, तर कुठे रीफ्रेश केलं की ‘४०४’, म्हणजे ‘पान सापडलं नाही’ असा संदेश, दिसतो. मजकूर बदलणं हा यातला सोपा भाग आहे. साध्या दुव्यावर क्लिक झाल्यावर ब्राउझर न सांगता बरीच कामं उरकत असतो. क्लिक आपण अडवलं की ती सगळी आपल्या गळ्यात पडतात.

ही अडचण जुनीच आहे. १९९०च्या दशकात नेटस्केप या ब्राउझरने फ्रेम्स आणल्या. पानाचे दोन-तीन तुकडे करायचे, डावीकडे मेन्यू आणि उजवीकडे मजकूर, आणि क्लिक झालं की उजवा तुकडा तेवढा बदलायचा. पण वरच्या पट्टीतला पत्ता बदलत नसे, त्यामुळे आतल्या पानाची खूण ठेवता येत नसे. शोधयंत्रातून येणारा माणूस मेन्यू नसलेल्या उघड्या तुकड्यावर येऊन थडके. पानं लिहिण्याच्या भाषेच्या पुढच्या आवृत्तीने, एचटीएमएल ५ने, ही फ्रेम्सची मांडणी (फ्रेमसेट) बाद ठरवली.

पुढची पायरी मायक्रोसॉफ्टची. १९९९ मध्ये आलेल्या इंटरनेट एक्स्प्लोरर ५ मध्ये, पान न सोडता सर्व्हरशी बोलण्याची सोय होती. ती मुळात आउटलुकची ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती बनवताना लागली होती. १ एप्रिल २००४ रोजी आलेल्या जीमेलने आणि २००५ मधल्या गूगल मॅप्सने ही सोय काय करू शकते हे सगळ्यांना दाखवलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला ‘एजॅक्स’ असं नाव दिलं. पत्त्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला. त्यावर काही वर्षं हॅश चिन्हाचा (#) उतारा चालला. पत्त्यातला हॅशनंतरचा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही, त्यामुळे तो कितीही बदलला तरी पान नव्याने उघडत नाही. नेमकं हेच अंगाशीही येतं. कुठलं पान हवं आहे ते सर्व्हरला कळतच नाही, म्हणून तो रिकामा सांगाडा पाठवतो आणि जावास्क्रिप्ट उतरून चालू होईपर्यंत वाचक कोऱ्या पडद्याकडे बघत बसतो. ट्विटरने २०१२ मध्ये ही पद्धत सोडून मजकूर पुन्हा सर्व्हरवरच तयार करायला सुरुवात केली. त्यानंतर पान पहिल्यांदा उघडायला लागणारा वेळ पूर्वीच्या एक पंचमांशावर आल्याचं कंपनीने जाहीर केलं होतं.

आता प्रत्यक्ष कृती. एका ग्रंथालयाचं छोटं संकेतस्थळ घेऊ. त्याच्या मेन्यूत मुखपृष्ठ, ग्रंथसूची, वेळापत्रक आणि संपर्क असे चार दुवे आहेत. पुढे येणारी आज्ञांची नावं कोडमध्ये अर्थातच रोमन लिपीत लिहायची.

पहिला नियम असा की चारही दुवे खरेच हवेत. प्रत्येकाला स्वतःचा पत्ता आणि प्रत्येक पत्त्यावर सर्व्हरकडून मिळणारं पूर्ण पान. दुव्याच्या जागी नुसतं हॅश किंवा क्लिक ऐकणारा ‘डिव्ह’ (साधा चौकोनी डबा) ठेवला की पुढचे निम्मे प्रश्न तिथूनच सुरू होतात. पानातला बदलणारा भाग ‘मेन’ या खुणेत (टॅगमध्ये) ठेवायचा.

क्लिक ऐकणारा कोड प्रत्येक दुव्याला वेगळा लावू नये, सगळ्या मेन्यूला एकच लावावा. क्लिक कधी दुव्याच्या आतल्या चित्रावर पडतं, म्हणून ‘क्लोजेस्ट’ वापरून वर चढत दुवा शोधायचा. मग एक छोटी तपासणी लागते, आणि अनेक जण ती गाळतात. कंट्रोल किंवा कमांड दाबून केलेलं क्लिक म्हणजे वाचकाला नवा टॅब हवा आहे. मधल्या बटणाचं क्लिकही तेच सांगतं. दुवा दुसऱ्या संकेतस्थळाचा किंवा पीडीएफ उतरवण्याचा असू शकतो. या सगळ्या क्लिकना हात लावायचा नाही. उरलेल्यांनाच ‘प्रिव्हेंटडिफॉल्ट’ने थांबवायचं.

त्यानंतर ‘फेच’ने त्या पत्त्यावरचं पूर्ण पान मागवायचं, ‘डीओएमपार्सर’ने उलगडायचं, त्यातला ‘मेन’ उचलायचा आणि चालू पानातल्या ‘मेन’च्या जागी बसवायचा. वरची-खालची पट्टी विनाकारण उतरते हे खरं, पण आकार दाबून (कॉम्प्रेस करून) पाठवल्यावर ती बहुधा काही किलोबाइटच भरते. त्या बदल्यात जावास्क्रिप्ट बंद पडलं तरी संकेतस्थळ चालत राहतं. हा सौदा फायद्याचा आहे. तुकड्यांच्या वेगळ्या फायली ठेवणारे थोडी बचत करतात आणि वर्षभरात दोन्ही आवृत्त्यांचा ताळमेळ घालवून बसतात.

‘फेच’ची एक खोड माहीत असायला हवी. सर्व्हरने ४०४ किंवा ५०० (सर्व्हरमध्येच बिघाड) म्हटलं तरी ते त्याला अपयश मानत नाही. अपयश म्हणजे सर्व्हरशी बोलणंच न होणं. म्हणून उत्तरातला ‘ओके’ हा गुण स्वतः तपासायचा, नाहीतर ‘पान सापडलं नाही’ हा मजकूर वेळापत्रकाच्या जागी रुबाबात बसतो. काहीही बिघडलं तर सगळ्यात चांगला उपाय एका ओळीचा आहे. ब्राउझरचा चालू पत्ता धरणाऱ्या ‘लोकेशन’ला तो पत्ता द्यायचा आणि बाकीचं ब्राउझरवर सोडायचं.

नवशिक्यांची पहिली ठेच याच्याही आधीची असते. फाइलवर डबल क्लिक करून पान उघडलं तर ‘फेच’ चालतच नाही, कारण सुरक्षेच्या नियमांमुळे ब्राउझर एका फाइलला दुसरी फाइल वाचू देत नाही. त्यासाठी संगणकावरच छोटा सर्व्हर चालवावा लागतो. पायथन या भाषेत तशी एका ओळीची सोय आहे, आणि मग पान ८००० क्रमांकाच्या पोर्टवर दिसतं.

मजकूर बसवण्याबरोबर तीन गोष्टी हाताने कराव्या लागतात. ‘पुशस्टेट’ने पत्ता बदलायचा, टॅबवरचं शीर्षक बदलायचं आणि पान वर सरकवायचं. पत्ता बदलल्यावरच नवा ‘मेन’ बसवलेला बरा, नाहीतर नव्या मजकुरातल्या चित्रांचे सापेक्ष पत्ते जुन्या पत्त्यावरून मोजले जातात आणि चित्रांच्या जागी फुटक्या खुणा दिसतात.

‘मागे’ बटणासाठी ‘पॉपस्टेट’ ही घटना ऐकायची आणि तेच मागवण्याचं काम पुन्हा करायचं, फक्त ‘पुशस्टेट’ वगळून. ते वगळायचं राहिलं की वाचक दर वेळी मागे जातो, आपण दर वेळी इतिहासात नवी नोंद टाकतो आणि तो त्याच दोन पानांत अडकून पडतो. मागे गेल्यावर वाचक पूर्वी जिथे होता तिथेच पोचायला हवा, हाही ब्राउझरचाच उद्योग. पण तो ही जागा शोधायला जातो तेव्हा मजकूर अजून आलेला नसतो, पान आखूड असतं आणि जागा चुकते. ही जागा शोधणारं ‘स्क्रोलरिस्टोरेशन’ हाताने चालवायच्या पर्यायावर ठेवायचं, पान सोडताना उंची ‘रिप्लेसस्टेट’ने इतिहासातल्या चालू नोंदीतच लिहून ठेवायची आणि मजकूर बसल्यावर तिथे सरकायचं.

सगळ्यात लबाड चूक मंद नेटवर्कवरच दिसते, म्हणून ती बनवणाऱ्याच्या टेबलावर कधीच सापडत नाही. लोणावळा-कर्जतच्या बोगद्यांतून जाणाऱ्या गाडीत वाचकाने ग्रंथसूचीवर क्लिक केलं. यादी मोठी, उत्तर येईना. कंटाळून त्याने संपर्कावर क्लिक केलं. संपर्काचं छोटं पान आधी आलं आणि दिसलं. दोन सेकंदांनी ग्रंथसूचीचं उत्तर पोचलं आणि तेही इमानेइतबारे ‘मेन’मध्ये जाऊन बसलं. आता पत्ता संपर्काचा, मेन्यूत ठळक दिसतोय संपर्क आणि समोर पुस्तकांची यादी. उपाय म्हणजे ‘अबॉर्टकंट्रोलर’. नवी मागणी पाठवण्याआधी जुनी रद्द करायची. रद्द केल्यामुळे येणारी त्रुटी मात्र अपयश समजून हाताळायची नाही, नाहीतर वरचा ‘लोकेशन’चा उपाय वाचकाला पुन्हा ग्रंथसूचीकडे ओढून नेईल.

वाट पाहण्याचं म्हणाल तर संगणक वापरण्याच्या सुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेले आकडे आजही उपयोगी आहेत. ०.१ सेकंदाच्या आतलं उत्तर तत्काळ वाटतं, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, १० सेकंदांनंतर लक्ष उडतं. फिरणारं चक्र क्लिक होताक्षणी दाखवू नये. पाव सेकंदात उत्तर आलं नाही तरच दाखवावं. एरवी त्याची लुकलुकच त्रास देते.

संपर्काच्या पानावर नकाशा असेल तर आणखी एक गंमत होते. मजकूर दिसतो, पण नकाशाची जागा रिकामीच. अशा रीतीने आत घातलेल्या मजकुरातल्या स्क्रिप्ट ब्राउझर चालवत नाही, आणि नकाशा सुरू करणारा कोड आपल्याला नव्याने बोलवावा लागतो. यावरून ही पद्धत सुरक्षित आहे असं कुणी समजू नये. चित्र न मिळाल्यास चालवायचा म्हणून चित्राच्या खुणेतच लिहिलेला कोड बिनदिक्कत चालतो. वाचकांनी लिहिलेले अभिप्राय सर्व्हरने न गाळता पानात ठेवले असतील तर घरफोडीला एवढी फट पुरते. नुसता मजकूर दाखवायचा असेल तर त्यातल्या खुणाही उलगडणारं ‘इनरएचटीएमएल’ नको, ‘टेक्स्टकंटेंट’ वापरावं. उलट दिशेचीही काळजी हवी. वेळापत्रकाच्या पानावर दर सेकंदाला चालणारं घड्याळ असेल तर ते पान गेल्यावरही टिकटिक करत राहतं. परत आलं की दुसरं सुरू होतं. अशी दहा घड्याळं झाली की फोन तापतो.

दृष्टिहीन वाचकाच्या बाजूनेही पाहायला हवं. नवं पान उघडलं की पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्याचं शीर्षक बोलतं. मधला भाग तेवढा बदलला तर ते गप्पच राहतं, आणि क्लिक केल्यावर काही झालं की नाही हेच कळत नाही. म्हणून नव्या मजकुराच्या मुख्य मथळ्याला ‘टॅबइंडेक्स’ उणे १ देऊन फोकस तिथे न्यावा, आणि मेन्यूतल्या चालू दुव्यावर ‘एरिया-करंट’ची खूण लावावी. मराठीवरून इंग्रजी मजकुरावर जाणारा मेन्यू असेल तर भाषेची खूणही बदलावी, नाहीतर इंग्रजी परिच्छेद मराठी आवाजात ऐकू येतो.

पत्ते देवनागरीत ठेवायची हौस असेल तर थोडी जास्त तयारी लागते. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइटला ३ अक्षरं लागतात. ‘ग्रंथसूची’ या शब्दात ९ चिन्हं आहेत, म्हणजे पत्त्यात ८१ अक्षरं. जावास्क्रिप्टला पत्ता याच लांबलचक रूपात मिळतो, म्हणून कोडमध्ये देवनागरीत लिहिलेल्या शब्दाशी त्याची तुलना कधीच जुळत नाही. आधी तो ‘डिकोड’ करावा लागतो. तेवढ्यानेही भागत नाही. ‘पदाधिकाऱ्यांची यादी’ यातला ऱ्या तीन प्रकारे साठवलेला आढळतो. एकात स्वतंत्र ऱ असतो, दुसऱ्यात र आणि खाली नुक्ता (टिंब), तिसऱ्यात र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पहिले दोन ‘नॉर्मलाइझ’ने एक होतात, तिसरा होत नाही. डोळ्यांना तिन्ही शब्द सारखे, संगणकाला तीन वेगळे पत्ते. पत्त्यासाठी छोटे रोमन शब्द आणि दिसायला मराठी मेन्यू, हीच व्यवस्था कमी डोकेदुखीची.

जुनी पानं युनिकोडमध्ये नसतील तर तीही वेगळी तपासावीत. ‘फेच’ आलेला मजकूर नेहमी यूटीएफ-८ समजूनच वाचतं. एरवी नीट उघडणारं जुनं पान त्यामुळे मेन्यूतून आल्यावर प्रश्नचिन्हांच्या चौकटींनी भरलेलं दिसू शकतं.

चाचणीसाठी ब्राउझरच्या विकसक साधनांत नेटवर्क मुद्दाम मंद करावं. दोन दुव्यांवर पाठोपाठ क्लिक करावं, तीनदा मागे जावं, आतल्या पानावर रीफ्रेश करावं, तो पत्ता दुसऱ्या फोनवर उघडावा आणि शेवटी जावास्क्रिप्ट बंद करून सगळं पुन्हा करावं.

एवढा खटाटोप चार पानांच्या ग्रंथालयासाठी करायचा का? माझ्या मते नाही. पान बदलताना होणारी पांढरी उघडझाप एवढीच तक्रार असेल तर आता पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसमध्येच सोय आहे. जून २०२४ मध्ये आलेल्या क्रोम १२६ पासून, एकाच संकेतस्थळाच्या दोन पानांत ‘व्ह्यू-ट्रान्झिशन’ची एक ओळ लिहिली की जुनं पान अलगद विरून नवं येतं. पत्ता, इतिहास, फोकस, सगळं ब्राउझरकडेच राहतं. ज्या ब्राउझरला ती ओळ कळत नाही तो ती सोडून देतो आणि साधं पान उघडतो. पण त्याच ग्रंथालयाने उद्या ध्वनिपुस्तकं सुरू केली आणि ग्रंथसूची चाळतानाही वाचन चालू राहायला हवं असेल, तर पान बदलून चालणार नाही. पान गेलं की त्यातला आवाजही बंद होतो. तिथे वर सांगितलेली सगळी कामं करावी लागतील, आणि ऐकण्याचं साधन ‘मेन’च्या बाहेर ठेवावं लागेल.