जागतिक बँक किंवा एडीबीच्या पैशातलं टेंडर: सोलापूरच्या ठेकेदारांनी आणि उत्पादकांनी कागद कसे तयार ठेवावेत

राज्य सरकारच्या ऑनलाइन टेंडरच्या महाटेंडर्स पोर्टलवर सोलापूर जिल्ह्यातली कामं बघताना मधूनच एखादी सूचना वेगळी असते. सुरुवातीलाच लिहिलेलं असतं की भारत सरकारला अमुक बँकेकडून कर्ज मिळालं आहे आणि त्यातला काही भाग या कंत्राटाची देयकं भागवण्यासाठी वापरला जाणार आहे. सोबत प्रकल्पाचं नाव आणि कर्ज क्रमांक असतो. हे वाक्य दिसलं की नेहमीच्या टेंडरच्या बऱ्याच सवयी बाजूला ठेवाव्या लागतात. आपल्याकडचे चांगले, प्रामाणिक काम करणारे ठेकेदार अशा टेंडरमधून दरामुळे कमी आणि कागदामुळे जास्त बाहेर पडतात. म्हणून ही माहिती सविस्तर देत आहे.

हे पैसे आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने येतात, ते आधी बघू. राज्यातल्या ग्रामीण रस्त्यांसाठी आशियाई विकास बँकेने, म्हणजे एडीबीने, २०१९ मध्ये २० कोटी डॉलरचं कर्ज दिलं. ३४ जिल्ह्यांतले सुमारे २,१०० किलोमीटर रस्ते सुधारण्याची ती योजना होती. फळबागांच्या मूल्यसाखळीसाठीचा मॅग्नेट प्रकल्पही एडीबीचाच. त्यात डाळिंब आहे, म्हणजे सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर हा पट्टा त्याच्याशी थेट जोडलेला आहे. शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठीच्या स्मार्ट प्रकल्पामागे जागतिक बँक आहे.

पैसा बँकेचा असला तरी टेंडर बँक काढत नाही. करार तुमचा आणि त्या खात्याचा किंवा प्रकल्प कार्यालयाचा होतो, बिलंही तेच काढतात. बँक कराराची पक्षकार नसते. पण मोठ्या किंवा जोखमीच्या कंत्राटात ठरावीक टप्प्यांवर बँकेचा 'हरकत नाही' शेरा आल्याशिवाय खातं पुढे जाऊ शकत नाही. लहान कंत्राटांच्या फाइली नंतर नमुन्यादाखल तपासल्या जातात. निर्णयाला उशीर होतोय म्हणून कार्यालयात खेटे घालण्याआधी हे लक्षात घ्या.

एक अपवाद. काही कर्जं खर्चाच्या पावत्यांवर नव्हे तर निकालांवर दिली जातात. पाणीपुरवठ्याचा जलस्वराज्य-२ हा त्या पद्धतीचा कार्यक्रम होता. अशा कार्यक्रमात टेंडर राज्याच्याच नियमांनी निघतं. पुढचं सगळं लागू होतं ते प्रकल्प कर्जातल्या कंत्राटांना.

कोण भाग घेऊ शकतो

जागतिक बँकेच्या २०१६ पासून लागू असलेल्या खरेदी नियमांनुसार जवळपास कोणत्याही देशातली कंपनी किंवा व्यक्ती भाग घेऊ शकते. एडीबीत साधारणपणे बोलीदार आणि मालाचा मूळ देश, दोन्ही एडीबीच्या सदस्य देशांतले असावे लागतात. भारत १९६६ पासून संस्थापक सदस्य आहे, त्यामुळे आपल्या फर्मचा प्रश्न येत नाही. बाहेरून आणलेली यंत्रसामग्री पुरवणार असाल तर मात्र ती कुठे बनली ते तपासा.

भागीदारी फर्म, प्रोप्रायटरी, प्रायव्हेट लिमिटेड, सगळे चालतात. दोघे-तिघे मिळून संयुक्त बोलीही देता येते, पण त्यात प्रत्येक भागीदार संपूर्ण कामाला एकत्र आणि स्वतंत्रपणे जबाबदार असतो. 'माझं फक्त डांबरीकरण, पुलाचं तो बघेल' हे तुमचं आपसांतलं ठरणं झालं. खात्यापुढे ते चालत नाही.

अपात्र कोण, हे जास्त महत्त्वाचं. बँकेच्या काळ्या यादीत असलेली फर्म बाद. ज्या सल्लागार संस्थेने त्याच कामाचा आराखडा किंवा अंदाजपत्रक केलं, तिच्याशी जोडलेली फर्म हितसंबंधामुळे बाद. एकाच टेंडरमध्ये एका मालकाच्या दोन फर्मनी वेगवेगळ्या बोली टाकल्या तर दोन्ही अडचणीत. दर 'जुळवण्यासाठी' भावाच्या नावाने दुसरी बोली टाकण्याची पद्धत इथे संगनमत ठरते.

आता सवलती. उद्यम नोंदणी आहे म्हणून इसारा रक्कम (बोलीसोबत भरायची अनामत) माफ, लघुउद्योग म्हणून खरेदीत प्राधान्य, ही केंद्राच्या आणि राज्याच्या खरेदीतली सोय इथे मिळेल असं गृहीत धरू नका. जागतिक बँकेच्या भारतातल्या राष्ट्रीय स्पर्धात्मक खरेदीच्या अटींत लघुउद्योग, सरकारी उपक्रम किंवा विशिष्ट राज्यातली फर्म म्हणून कोणालाही विशेष प्राधान्य नाही, असं स्पष्ट आहे. चिंचोळी किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या लहान कारखान्याला हे टोचेल. पण त्याच अटीत हेही आहे की सर्वात कमी दराच्या बोलीदाराशीही बँकेच्या पूर्वसंमतीशिवाय किमतीची घासाघीस करायची नाही. म्हणजे पाकिटं उघडल्यावर 'अजून पाच टक्के सोडा' असा फोन यायला नको. माझ्या मते लहान माणसाला हे संरक्षण सवलतीपेक्षा मोलाचं आहे.

कागदपत्रं

टेंडरचा दस्त दोनशे-तीनशे पानांचा असतो आणि सगळी पानं सारख्या महत्त्वाची नसतात. बांधकामाच्या जागतिक बँकेच्या नमुना दस्तात पहिला विभाग बोलीदारांसाठी सूचना आणि तो सगळीकडे सारखाच. दुसरा विभाग 'बिड डेटा शीट', तिसरा मूल्यमापन आणि पात्रतेचे निकष, चौथा भरायचे नमुने. दुसरा आणि तिसरा दोनदा वाचा. पहिल्या विभागातला सर्वसाधारण नियम या कामापुरता बदललेला असेल तर तो बदल दुसऱ्यात असतो.

पॅन, जीएसटी, फर्मचा नोंदणी दाखला, भागीदारी करार किंवा कंपनीची घटना, सही करणाऱ्याचं मुखत्यारपत्र, पीएफ आणि ईएसआयसी नोंदणी, तिसऱ्या श्रेणीची डिजिटल सही. हे बहुतेकांकडे असतं. मुखत्यारपत्रावरचं नाव आणि डिजिटल सहीतलं नाव एकच आहे ना, एवढं पाहा.

आर्थिक बाजूला दस्तात सांगितलेल्या वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद आणि वार्षिक उलाढालीचा सीएचा दाखला लागतो. दाखल्यावर यूडीआयएन क्रमांक (दाखला ऑनलाइन पडताळण्याचा क्रमांक) हवाच. याशिवाय रोख तरलता दाखवावी लागते, म्हणजे हातातल्या कामांचा खर्च वजा जाता या कामाला पुरेल इतका पैसा किंवा तुमच्या स्वतःच्या बँकेची पतमर्यादा. तुमच्या बँकेच्या या पत्राला वेळ लागतो. मोठ्या रकमेचं पत्र बऱ्याचदा शाखेच्या हातात नसतं, प्रस्ताव वर जातो. राष्ट्रीय खरेदीत सूचना निघाल्यापासून बोलीसाठी किमान ३० दिवस मिळतात. त्यातले पहिले काही दिवस या पत्रासाठी वापरा.

खरा कस लागतो तो अनुभवात. 'मागील पाच वर्षांत अशा स्वरूपाचं, अमुक रकमेचं किमान एक काम' अशी अट असते. नमुना दस्तानुसार काम ८० टक्के किंवा जास्त झालं असेल तर ते पूर्ण झाल्यासारखं धरतात, पण तुमच्या दस्तात ही तळटीप आहे का ते पाहा. संयुक्त बोलीत केलेल्या जुन्या कामात फक्त तुमच्या हिश्शाची रक्कम मोजली जाते. उपठेकेदार म्हणून केलेलं काम काही दस्तांत चालतं, काहींत नाही.

कार्यकारी अभियंत्याचा 'काम समाधानकारक' एवढाच दोन ओळींचा दाखला इथे उपयोगाचा नाही. कामाचं नाव, करार क्रमांक, करार रक्कम, सुरू आणि पूर्ण झाल्याची तारीख, प्रत्यक्ष झालेली रक्कम, आणि महत्त्वाच्या बाबींची परिमाणं (काँक्रीट किती घनमीटर, डांबरी थर किती) हे त्यात हवं. काम संपतं त्या महिन्यातच असा दाखला घ्या. अधिकारी बदलून गेल्यावर जुनी मोजमाप पुस्तकं शोधून दाखला काढणं फार जड जातं. खासगी काम असेल तर करार, अंतिम बिल आणि २६एएस (आयकर खात्याकडचं करकपातीचं विवरण) मधली टीडीएसची नोंद सोबत जोडा.

भारतातल्या बांधकामाच्या दस्तांत बोली क्षमतेचं सूत्रही असतं: (अ × न × २) − ब. 'अ' म्हणजे मागच्या पाच वर्षांतल्या एखाद्या वर्षात केलेल्या कामाची सर्वाधिक रक्कम, आजच्या किमतीला आणलेली. 'न' म्हणजे या कामाची मुदत वर्षांत. 'ब' म्हणजे त्याच मुदतीत पूर्ण करायची हातातली कामं. समजा अ ४ कोटी, मुदत दीड वर्ष, हातात ५ कोटींची कामं. तर ४ × १.५ × २ = १२, त्यातून ५ गेले, क्षमता ७ कोटी. टेंडर ८ कोटींचं असेल तर बोली बाद. दोनऐवजी दुसरा गुणकही असू शकतो. 'ब' कमी दिसावा म्हणून मोहोळचं एखादं चालू काम यादीतून गाळायचं, हा मोह टाळा. का ते पुढे सांगतो.

माल पुरवठ्याच्या टेंडरमध्ये चित्र थोडं वेगळं. समजा आरोग्याच्या एखाद्या प्रकल्पाला रुग्णालयांसाठी चादरी, टॉवेल हवे आहेत. तिथे उत्पादन क्षमता, मागच्या वर्षांत पुरवलेलं प्रमाण आणि ग्राहकांचे दाखले मागतात. तुम्ही स्वतः उत्पादक नसाल तर उत्पादकाचं अधिकारपत्र दस्तातल्या नमुन्यातच लागतं. निर्यात करणाऱ्या आपल्या टॉवेल कारखान्यांकडे सरकारी पुरवठ्याचे दाखले नसतात, पण इनव्हॉइस आणि जहाजाची कागदपत्रं असतात. ती अनुभव म्हणून चालतील का, हे बोलीपूर्व बैठकीत लेखी विचारा. उत्तर सगळ्या बोलीदारांना लेखी जातं आणि नंतर कोणी शंका काढू शकत नाही.

बोली भरताना

इसारा रकमेची बँक हमी दस्तातल्या मसुद्यावरच करून घ्या, तुमच्या बँकेच्या छापील मसुद्यावर नको. तिची मुदत बोलीच्या वैधतेपेक्षा २८ दिवस जास्त असावी लागते. वैधता १२० दिवस असेल तर हमी १४८ दिवसांची. एक दिवस कमी पडला तरी बोली बाद होते आणि तिथे कोणी दया दाखवू शकत नाही. मूळ हमी कागदावर कार्यालयात कधीपर्यंत पोचवायची तेही डेटा शीटमध्ये असतं.

शुद्धिपत्रकं शेवटच्या दिवसापर्यंत बघत राहा. तांत्रिक लिफाफ्यात चुकूनही दर दिसू देऊ नका. फार खाली दर टाकलात तर खातं दराचं पृथक्करण मागू शकतं आणि त्या दरात काम होणार नाही असं वाटलं तर बोली नाकारू शकतं. कामगारांसाठी पाणी, सावली, स्वच्छतागृह, सुरक्षा साहित्य, बालकामगार नको, महिलांच्या लैंगिक छळाविरुद्ध आचारसंहिता, या अटी बँकेच्या कंत्राटात तपासल्या जातात. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये रस्त्यावर उभ्या माणसाला हे मिळायलाच हवं. त्याचा खर्च दरात धरूनच बोली द्या.

खोटा कागद

अनुभवाचा फुगवलेला दाखला, लपवलेलं चालू काम, जुन्या कराराभंगाची न दिलेली माहिती. या सगळ्याला बँकेच्या नियमांत 'फसवणूक' म्हणतात. लाच, संगनमत, दमदाटी आणि चौकशीत अडथळा हे बाकीचे चार निषिद्ध प्रकार. बँकेला तुमचे हिशेब आणि कागद तपासण्याचा अधिकार बोली भरतानाच तुम्ही देता, काम मिळो न मिळो. बंदी आली तर फर्मचं नाव सार्वजनिक यादीत जातं. ९ एप्रिल २०१० च्या करारानुसार जागतिक बँक, एडीबी, आफ्रिकी, युरोपीय आणि आंतर-अमेरिकी या पाच विकास बँका एकमेकींची एक वर्षापेक्षा जास्त मुदतीची बंदी साधारणपणे मान्य करतात. टेंडर भरून देणाऱ्या एजंटाने परस्पर काही जोडलं तरी सही तुमची असते. अपलोड करण्याआधी प्रत्येक पान स्वतः बघा.

निकालानंतर

बँकेचा प्रमाणित दस्त वापरलेला असेल तर काम कोणाला द्यायचं ठरलंय याची सूचना सर्व बोलीदारांना मिळते आणि त्यानंतर साधारण १० कामकाजाचे दिवस करार थांबवून ठेवतात. तुम्ही का नाही, हे समजून घ्यायचं असेल तर ३ कामकाजाच्या दिवसांत लेखी मागणी करा. खात्याला ५ कामकाजाच्या दिवसांत खुलासा द्यावा लागतो. निवडीवर तक्रार असेल तर ती याच थांब्याच्या काळात. दस्तातल्या अटीवरच आक्षेप असेल तर तो बोलीच्या अंतिम मुदतीच्या किमान १० कामकाजाचे दिवस आधी नोंदवावा लागतो. हरल्यावर 'अटच चुकीची होती' म्हणून उपयोग नाही. लहान राष्ट्रीय टेंडरमध्ये तक्रारीला राज्याचे नियम लागतात. काम मिळालं तर स्वीकृतीपत्रापासून सहसा २८ दिवसांत कामगिरीची हमी (काम करारानुसार पूर्ण करण्याची हमी) भरावी लागते.

शेवटी शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांसाठी. स्मार्ट किंवा मॅग्नेटमधून पॅकहाउस, प्रतवारी यंत्र घेता तेव्हा खरेदीदार तुम्ही असता आणि हेच नियम लहान रूपात तुम्हाला लागू होतात. किमान तीन खरी दरपत्रकं, वेगवेगळ्या मालकांची. एकाच दुकानदाराने आणून दिलेली तीन लेटरहेड नकोत. मागणीपत्रात यंत्राचं वर्णन कामगिरीवरून लिहा, ताशी किती टन डाळिंब प्रतवारी करेल असं, कंपनीचं नाव घालून नको. नाकारलेली दरपत्रकं आणि नाकारण्याचं कारण ठरावात लिहून तीच फाइल जपून ठेवा. नंतरच्या तपासणीत अनुदानाचा हप्ता त्याच कागदांवर अडतो किंवा सुटतो.