‘डिस्क्रीट’ म्हणजे नेमके काय? सराऊंड संगीताच्या परीक्षणांची पार्श्वभूमी

सराऊंड संगीताच्या, म्हणजे श्रोत्याच्या चहूबाजूंच्या स्पीकरांतून ऐकायच्या संगीताच्या, डिस्कचे कोणतेही परीक्षण उघडा. पहिल्या दोन-चार ओळींतच ‘मिक्स डिस्क्रीट आहे’ किंवा ‘डिस्क्रीट वाटत नाही’ असा निर्वाळा सापडतो. मिक्स म्हणजे ध्वनिमुद्रणातले आवाज स्पीकरांत वाटून केलेली मांडणी, आणि डिस्क्रीट म्हणजे प्रत्येक स्पीकरला त्याचा स्वतंत्र आवाज. गायन-वादनाबद्दलचे मत त्यानंतर येते. नव्या वाचकाला हा क्रम खटकतो. पण गेल्या पन्नास वर्षांत वेष्टनावरच्या शब्दांनी हौशी श्रोत्यांची इतक्यांदा फसगत केली आहे, की मागच्या स्पीकरमध्ये खरोखर काय आहे ते आधी तपासायचे, ही सवय या छंदाच्या अंगवळणी पडली आहे.

घरगुती सराऊंडची सुरुवात १९६९ मध्ये अमेरिकेत चार ट्रॅकच्या रीळ-टेपांनी झाली. टेपवर चारही चॅनेल शेजारी शेजारी, एकमेकांत न मिसळता बसत. तेव्हा ‘डिस्क्रीट’ शब्दाचा अर्थ सरळ होता. गुंता झाला तो क्वाड्राफोनी (हा चार चॅनेलांचा आवाज, थोडक्यात ‘क्वाड’) तबकडीवर आणताना. खाचेला भिंती दोनच, आणि आवाज चार. एसक्यू आणि क्यूएस या मॅट्रिक्स पद्धतींनी चार चॅनेल दोनांत घडी करून घातले आणि ऐकताना डिकोडरने ती घडी उलगडायची असे ठरवले. घडी पूर्ण उलगडत नसे. एसक्यूमध्ये पुढचे डावे-उजवे स्वच्छ वेगळे राहत, पण साध्या डिकोडरवर पुढच्या-मागच्यांत फरक उरे जेमतेम ३ डेसिबल. क्यूएसमध्ये कर्णरेषेवरचे कोपरे वेगळे राहत आणि शेजारचे कोपरे तेवढ्याच ३ डेसिबलवर येऊन एकमेकांत सांडत. सीडी-४ या तिसऱ्या पद्धतीने (हिचा कॉम्पॅक्ट डिस्कशी काही संबंध नाही) पुढच्या-मागच्यांतला फरक ३० किलोहर्ट्झच्या वाहक लहरीवर चढवून खाचेतच कोरला. हे चारही आवाज बऱ्यापैकी वेगळे निघत. मात्र त्यासाठी ४५ किलोहर्ट्झपर्यंत वाचणारी खास घडणीची सुई लागे, आणि तबकडी झिजली की तीच लहर आधी जाई.

तरीही जाहिरातींत तिन्ही पद्धती ‘फोर चॅनेल’च होत्या. दुकानातून आणलेल्या रेकॉर्डमध्ये चार आवाज आहेत की दोनांचे चार केले आहेत, हे सांगायला कुणी बांधील नव्हते. १९७० चे दशक संपता संपता हा सगळा बाजार उठला. त्याची कारणे अनेक दिली जातात, पण माझ्या मते शब्दांच्या या घोळाने विश्वास गमावला, हे कारण पहिले धरावे लागेल.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. मॅट्रिक्स पद्धतीने विकलेल्या बहुतेक अल्बमांच्याही स्टुडिओतल्या मास्टर टेप चार स्वतंत्र ट्रॅकच्याच होत्या. म्हणजे मिक्स करणाऱ्याने जे ऐकले ते डिस्क्रीट होते, आणि श्रोत्याने घरी ऐकले ती त्याची पुसट सावली. त्या काळी क्वाड मिक्सना नावे ठेवणाऱ्या अनेकांनी मिक्सला नव्हे, डिकोडरला नावे ठेवली होती. पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’चे उदाहरण बोलके आहे. त्याचे क्वाड मिक्स १९७३ मध्ये मूळ ध्वनिमुद्रणाच्या अभियंत्यानेच केले आणि ते एसक्यू तबकडीवर निघाले. त्यातल्या प्रसिद्ध घड्याळांचे आवाज तर मुळात क्वाडच्या प्रात्यक्षिकासाठीच टिपलेले. २००३ मध्ये एसएसीडी (सीडीपेक्षा वरच्या दर्जाची, अनेक चॅनेल मावणारी डिस्क) काढताना मात्र ते मिक्स बाजूला ठेवून दुसऱ्या अभियंत्याकडून नवे ५.१ मिक्स, म्हणजे पाच स्पीकर आणि एक खर्जाचा चॅनेल असलेले, करून घेतले गेले. जुने मिक्स अधिकृतपणे डिस्कवर चार स्वतंत्र चॅनेलांत मिळायला २०११ चा मोठा संच यावा लागला. यातले कोणते श्रेष्ठ यावर हौशी मंडळींत आजही दोन तट आहेत. नवे मिक्स जास्त स्वच्छ आणि तोललेले आहे, हे मान्य. पण घड्याळे चार कोपऱ्यांतून एकदम वाजायला लागतात तेव्हा दचकायला होते ते जुन्यातच. दोन्ही मिक्स वेगवेगळी कामे म्हणून तपासायला हवीत, एकाने दुसऱ्याची जागा घेतली असे धरू नये.

आपल्याकडे क्वाड रेकॉर्ड घरी वाजवणारे विरळाच. मुंबई-पुण्याच्या श्रोत्याचा कान अनेक चॅनेलांना सरावला तो थिएटरात. मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात ‘शोले’ची ७० मिमीची प्रत सहा ट्रॅकच्या आवाजासह पाहिलेली पिढी तो अनुभव अजून सांगते. पुढे डीव्हीडीबरोबर होम थिएटर आले आणि मागचे दोन स्पीकर छताजवळ खिळ्याला टांगले गेले. सिनेमाला ते चालते. संगीतासाठीची आंतरराष्ट्रीय शिफारस मात्र पाचही स्पीकर श्रोत्यापासून सारख्या अंतरावर मागते, आणि मागचे दोन समोरच्या रेषेपासून १०० ते १२० अंशांवर, म्हणजे जवळजवळ कानांच्या बाजूला. तसे न मांडता लिहिलेले परीक्षण मी फारसे मनावर घेत नाही.

१९९९ मध्ये एसएसीडी आणि २००० मध्ये तिची प्रतिस्पर्धी डीव्हीडी-ऑडिओ आली. त्या दोघींच्या भांडणात इथे शिरत नाही. परीक्षणांच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला तो वेगळाच निर्णय. नक्कल होईल या भीतीने या डिस्कमधला पूर्ण दर्जाचा आवाज डिजिटल वायरने बाहेर काढू द्यायचा नाही, असे ठरले. प्लेअरपासून ॲम्पपर्यंत सहा ॲनालॉग वायरी ओढायच्या. अंतर आणि बासची जुळणी करायची सोय बऱ्याच यंत्रांत या वाटेवर नव्हतीच. ‘पॉइंट वन’ चॅनेलला (५.१ मधल्या खर्जाच्या चॅनेलला) मिळायची १० डेसिबलची वाढही अनेक ॲम्प देत नसत. २००४ आणि २००५ मध्ये एचडीएमआय या डिजिटल वायरीच्या नव्या आवृत्त्यांनी आधी डीव्हीडी-ऑडिओला आणि मग एसएसीडीला वाट करून दिली, तोवर ‘बास लेचापेचा’ असे शेरे मारून झाले होते. त्या वर्षांतले शेरे आज वाचताना हे ध्यानात ठेवावे. दोष पुष्कळदा डिस्कचा नव्हता.

याच काळात ‘डिस्क्रीट’ला दुसरा अर्थ चिकटला. सहा चॅनेल तांत्रिकदृष्ट्या स्वतंत्र, पण त्यांत भरलेला माल जुन्या स्टिरिओतून यंत्राने पसरवलेला, अशाही डिस्क निघाल्या. मग हौशी लोक डीव्हीडी-ऑडिओचे ट्रॅक संगणकावर उघडून सहा लहरी एकाखाली एक पाहू लागले. एक एक स्पीकर बंद करून ऐकणे हा परीक्षणाचा नेम झाला. पण यातून एक अन्यायही झाला. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या एसएसीडींत मागच्या चॅनेलांत बहुधा फक्त सभागृहाचा घुमारा असतो, तोही मायक्रोफोनने खराखुरा टिपलेला. रॉक ऐकायला सरावलेले परीक्षक त्याला ‘मागे काहीच नाही’ म्हणून गुण कापत. बैठकीत पहिल्या रांगेत बसलेल्याच्या पाठीशी तबला नसतो, लोकांची दाद आणि खोली असते. तेच या डिस्क देतात, आणि ते कमी प्रतीचे नाही.

गेल्या दहा वर्षांत ब्रिटनमधल्या एका छोट्या कंपनीने जुन्या क्वाड मास्टर टेपांवरून एसएसीडी काढायचा सपाटा लावला आणि १९७० च्या दशकातली कितीतरी मिक्स प्रथमच धड ऐकू आली. दुसरीकडे, २०१२ मध्ये सिनेमासाठी आलेले डॉल्बीचे, छतातले स्पीकरही वापरणारे अ‍ॅटमॉस संगीतात शिरले आणि २०२१ पासून स्ट्रीमिंगवर सर्रास झाले. त्यात चॅनेलऐवजी ‘ऑब्जेक्ट’, म्हणजे जागेची नोंद जोडलेले सुटे आवाज, असतात आणि आवाज कुठल्या स्पीकरला द्यायचा ते घरचे यंत्र ठरवते. स्ट्रीमिंगवर हे सारे सेकंदाला ७६८ किलोबिटांत दाबलेले येते, ब्लू-रेवर दर्जा न घटवता. एकाच मिक्सच्या दोन परीक्षणांत जमीन-अस्मानाचा फरक दिसतो त्याचे हे एक कारण. दुसरे कारण हेडफोन. दोन कानांसाठी घडी घातलेला आवाज ऐकून लिहिलेल्या परीक्षणाने तसे वरच लिहावे.

आणि २०२२ मध्ये बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’चे अ‍ॅटमॉस मिक्स आले तेव्हा शब्द पुन्हा अडला. मूळ ध्वनिमुद्रण चार ट्रॅकच्या टेपवर, एकेका ट्रॅकवर अनेक वाद्ये एकत्र. ती संगणकाने शिकून वेगळी केली आणि मग मांडली. जुन्या व्याख्येने हे डिस्क्रीट नाही, कारण टेपवर ती वाद्ये कधीच सुटी नव्हती. कानाला मात्र ती सुटी लागतात. काही परीक्षक आता गुणांच्या आधी तीन गोष्टी नोंदवतात: मिक्स कोणत्या साली झाले, कोणत्या टेपवरून झाले, आणि वाद्ये मुळात वेगळी होती की नंतर वेगळी केली.